देव पाण्यात होते तो उन्हाळा

आप्पांना देवाची भीती वाटायची आणि आम्हाला आप्पांची, त्यामुळे आमच्या घरात शिस्त चांगली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून ते देवघरापुढे बसले की आई स्वयंपाकघरात पळीसुद्धा जपून ठेवायची. पूजेला बसलेल्या आप्पांचा तो चेहरा नेमका कसला होता हे मला फार उशिरा कळलं. मी शिक्षिका झाले, शाळेत तपासणीला वरचे साहेब आले आणि आमचे मुख्याध्यापक घामाघूम होऊन त्यांच्यापुढे हात बांधून उभे राहिले, तेव्हा मनात आलं, अरे, हे तर आपले आप्पा! गंध नीट लागलं का, फुलाचं देठ देवाकडेच आहे ना, नैवेद्याच्या वाटीखाली पाण्याचा चौकोन काढला का, एकेक गोष्ट ते पुन:पुन्हा बघायचे. मंत्रात शब्द अडखळला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळं आटोपलं की मोठ्ठा श्वास सोडून उठायचे. आजचा दिवस निभावला, असा तो श्वास असायचा.

देव काय काय करतो याची माहिती मला अक्षरओळखीच्या आधी होती. खोटं बोललं की जीभ झडते. देवाकडे पाय केले की पाय लुळे पडतात. मीठ सांडलं तर वर गेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं. हे शेवटचं मला इतकं खरं वाटायचं की एका दुपारी मी ओट्यावर चिमूटभर मीठ टाकून पापण्यांनी उचलायचा सराव करून पाहिला होता. जमत नाही. डोळे मात्र संध्याकाळपर्यंत लाल होते, आणि ते पाहून आप्पांनी मला देवापुढे बसवून विचारलं, "काय पाप केलंस?" आता हसू येतं. पण तेव्हा आमच्या घरात डोळे येण्यालाही काहीतरी कारण लागायचं, आणि ते कारण आपणच असायचो.

आम्ही मूळचे रेणापूरचे. लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि आप्पांची बदली नव्या कचेरीत झाली, म्हणून आम्ही लातुरात दोन खोल्या आणि पुढे पडवी अशा भाड्याच्या घरात आलो. गावभर तेव्हा नव्या जिल्ह्याचं कौतुक होतं. आता कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालायला नकोत, म्हणून लोक एकमेकांना पेढे देत होते. कचेरीत टेबलं जुन्या जिल्ह्याची, पाट्या नव्या, आणि पाट्यांचा रंग अजून हाताला लागायचा. आप्पा पहिले काही महिने ताठ मानेने कचेरीत गेले. मग पाऊस गेला तो गेलाच. जिल्हा नवा, पण दुष्काळ आमच्या चांगल्या ओळखीचा होता. आप्पांच्या वाट्याला पाण्याच्या टँकरचं टेबल आलं आणि त्यांची मान हळूहळू खाली यायला लागली.

त्या उन्हाळ्यात काय शिजवायचं हे चवीवर ठरत नसे, पाण्यावर ठरे. मुरमुऱ्यांची सुशीला बंद झाली, कारण ते भिजवायला पाणी लागतं. अंबाडीची भाजी बंद, कारण तिचं उकळलेलं पाणी फेकावं लागतं. धपाटी चालायची, कोरडी चटणी चालायची, येसराची आमटी पातळ होत होत नुसत्या वासाला उरली होती. जेवण पळसाच्या पत्रावळीवर, म्हणजे ताटं घासायला नकोत. कोपऱ्यावर टँकर आला की घागरींचा असा खणखणाट व्हायचा की बोलणं ऐकू येऊ नये. टँकर गेल्यावर जी शांतता पडायची तीही मला आठवते. हापशाचा दांडा मात्र दिवसभर कुणी ना कुणी उगाच हलवून बघायचं, आणि तो कोरडाच करकरायचा.

या घरात वहिनी आली. माझा मोठा भाऊ, दादा, किनवटकडच्या एका निवासी शाळेत मास्तर होता. तिथं राहायची खोली मिळेपर्यंत बायकोला कुठं ठेवणार, म्हणून वहिनी आमच्याकडे. ती देगलूरची. तिच्या बोलण्यात मराठीच्या मधे मधे तेलुगू, कानडी असं काहीबाही उगवायचं. आश्चर्य वाटलं की "अय्यो", हसू आलं की "अय्यो", आणि भाजी करपली तरी "अय्यो"च. चिंचेचा भात असा करायची की बोटं चाटावीत. मला ती "वन्सं" म्हणायची आणि तोंडानं मान देत देत माझ्या वेण्या ओढायची. आल्याला वर्ष व्हायच्या आत तिला दिवस गेले, आणि घरात त्या कोरड्या दिवसांत एक तरी गोष्ट वाढत होती याचा सगळ्यांना आनंद झाला.

आमच्याकडे नवरी येताना माहेराहून अन्नपूर्णा नाहीतर बाळकृष्ण घेऊन येते; आई अन्नपूर्णा घेऊन आली होती आणि वहिनी बाळकृष्ण. तिचा बाळकृष्ण रांगता, पितळेचा, माझ्या अंगठ्याएवढा. तिच्या आईनं आणि त्याआधी आजीनं चिंच लावून लावून तो इतका घासला होता की नाक सपाट झालं होतं आणि हातातला लोण्याचा गोळा जवळजवळ दिसेनासा झाला होता. वहिनी त्याला किट्टू म्हणायची. त्यांच्याकडे लहान कृष्णाला लाडानं असंच हाक मारतात म्हणे. आप्पांनी पूजा आटोपून पाट उचलला की ही जाऊन बसायची, आणि मंत्र वगैरे काही नाही, सरळ गप्पा. "किट्टू, आज दूध फाटलं बघ. साखर खा अन् गप ऱ्हा." एकदा तर आम्हा सगळ्यांची जेवणं झाल्यावर तिला नैवेद्याची आठवण झाली. "अय्यो, विसरलेच की रे!" म्हणून ती खळखळून हसली आणि उरलेला भात त्याच्यापुढे ठेवून आली. आप्पांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते काहीतरी होण्याची वाट बघत होते. काही झालं नाही. त्यांना त्याचंही दडपण आलं असावं.

मी आप्पांची थट्टा करते आहे खरी, पण त्या भीतीनं त्यांना सरळ ठेवलं हेही मला लिहिलं पाहिजे. टँकरच्या टेबलावर बसून ज्यांनी त्या वर्षात कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही अशी माणसं थोडी होती, आणि त्यातले आप्पा एक होते. गावोगावची माणसं त्यांच्यापुढे येऊन उभी राहायची. टँकर मोजके आणि गावं कितीतरी. एका दिवशी एक म्हातारी आली, तिनं रिकामी घागर आप्पांच्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. घागर परत न्यायलाही ती आली नाही. आप्पा घरी येऊन जेवले नाहीत. पडवीत बसून राहिले. आईनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "काहीतरी चुकलंय. आपलं काहीतरी फार मोठं चुकलेलं असलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देव पाण्यात घातले. आता हे सांगावं लागेल, कारण माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं देवांना आंघोळ घातली. फार मोठं संकट आलं की घरचे देव पाण्यात ठेवायचे, आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, अशी ही रीत. देवाला अडवून धरायचं, दुसरं काय. आईचं तांब्याचं घंगाळ आलं, त्यात गणपती, कुलदेवीचा आणि खंडोबाचा टाक, आईची अन्नपूर्णा आणि वहिनीचा किट्टू असे सगळे गेले. पाणी गणपतीच्या मुकुटाच्या वर राहिलं पाहिजे. मुकुट उघडा पडला की संकल्प मोडला. उन्हाळ्यात ते पाणी आपोआप कमी व्हायचं आणि आप्पा आमच्या वाट्याच्या पाण्यातून रोज त्यात भर घालायचे. पाणी किती उतरलं ते बघायचं काम माझ्याकडे होतं. आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसत होतो आणि देव गळ्याच्या वर पाण्यात. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "आपल्याला प्यायला न्हाई, वन्सं, अन् देव बघा कसे पोहून राहिले!" मी हसले आणि लगेच भिऊन तोंडावर हात ठेवला.

पुढे तिचं हसणं थांबलं. टाकांवर हिरवट पुटं धरली, फुलं कुजायची, पाण्याला वास यायला लागला. किट्टू सगळ्यात लहान, तो पार तळाशी, पालथा पडलेला. वहिनी जाता-येता घंगाळात डोकवायची. पोटावर हात ठेवून नुसती बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, "त्यानं काय केलंय? पाऊस त्यानं लपवून ठेवलाय का? असं लेकराला कोंडून काम करून घेतात का कुणी?" मी म्हटलं, वहिनी, असं बोलू नये. ती म्हणाली, "हाव, बोलू नये. कोंडलेलं चालतं."

दुपारी आप्पा जेवायला घरी यायचे. त्या दुपारी ते आले, पाय धुवायला म्हणून ठेवलेल्या ओल्या फडक्यानं पाय पुसले आणि देवघराकडे वळून जागीच थांबले. किट्टू बाहेर होता. धुऊन पुसून, आपल्या जुन्या पातळाच्या घडीवर वहिनीनं त्याला ठेवला होता आणि ती शेजारी भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती. बाकीचे देव तसेच पाण्यात होते. त्यांना तिनं हात लावला नव्हता.

"हे कुणी केलं?" आप्पांचा आवाज खूप खाली होता.

"मी केलं, मामंजी," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली. "बाकीचे तुमचे हाईत. तुम्ही ठेवलेत, तुम्ही बघा. हा माझ्या माहेरचा हाय. मला बघवंना."

"संकल्प केलाय मी. मोडला तो तू. कळतंय का काय केलंस?"

"कळतंय."

"कळत नाही!" आप्पा ओरडले. आयुष्यात ते सुनेवर एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. "तू पोटुशी आहेस. त्याचा कोप झाला तर कुणावर होईल? तुझ्यावर नाही व्हायचा, पोटातल्या जिवावर होईल. ठेव तो परत. आत्ताच्या आत्ता ठेव आणि नाक घास, म्हण चुकलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी तिच्यामागे. मला वाटलं वहिनी रडेल, आणि मनातून मी म्हणत होते, ठेव गं, ठेव लवकर. वहिनीचा हात पोटावर गेला. ती घाबरली होती. हे मी नक्की सांगते, कारण पुढे लोकांनी तिला फार धीट ठरवलं.

"मामंजी," ती म्हणाली, "माझ्या चुकीसाठी जो माझ्या लेकराला मारील, तो किट्टू न्हाई. तो दुसरा कुणीतरी असंल. त्याला मी ओळखत न्हाई. अन् ज्याला ओळखत न्हाई त्याच्यापुढं नाक कसं घासू?"

आप्पा न जेवता कचेरीत परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच जेवायचे, तेही अळणी. मला वाटलं सुनेवरचा राग आहे. आई म्हणाली, "राग कसला! तिच्या वाट्याची शिक्षा आपल्याला होऊ दे म्हणून करतायत." ते ऐकून मला आप्पांच्या त्या सुकलेल्या तोंडाबद्दल जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगू शकले नाही. इकडे वहिनी त्यांच्या एका वेळच्या भाकरीवर गुपचूप चमचाभर तूप जास्त घालत होती. घरात दोन माणसं एकमेकांची इतकी काळजी करत होती आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती.

वहिनीला पहिल्या बाळंतपणासाठी देगलूरला न्यायला तिचे भाऊ येणार होते. ते यायच्या आधीच, सातवा महिना सरता सरता, एका सकाळी ती चुलीपुढून उठली आणि खांबाला धरून उभी राहिली. समोरच्या घरात कांबळे सिस्टर राहायच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी एकदा हात लावून बघितलं आणि रिक्षा बोलवायला सांगितली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पा बाकावर न बसता जमिनीवर बसले. त्यांचे ओठ एकसारखे हलत होते. आई माझ्याशेजारी बसली आणि मला आजवर माहीत नसलेली गोष्ट तिनं तिथं हळू आवाजात सांगितली. आप्पा सात-आठ वर्षांचे असताना त्यांनी नैवेद्याच्या ताटातला लाडू देवाला दाखवायच्या आधी खाल्ला होता. त्याच आठवड्यात गावात पटकी आली आणि त्यांची आई गेली. तिरडी बांधत असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्याला धरून सांगितलं होतं, बघ, तुझ्यामुळं गेली. आई म्हणाली, "लग्नानंतर एकदाच बोलले. लाडू अजून खात नाहीत बघ." मी आप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मुलगी झाली. मी तिला बघितलं. तिचे हात इतके लहान होते की नखं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. कांबळे सिस्टरांनी आपली पाळी संपल्यावरही जागा सोडली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार लवकर आली, श्वास पुरत नाही. उन्हं कलली तेव्हा ती गेली. दादा किनवटहून पोचला तोवर सगळं झालेलं होतं.

आप्पा घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी पूजा सोडली. आम्हाला वाटलं होतं ते आता वहिनीला बोलतील, निदान नजरेनं बोलतील. काही नाही. ते देवघराच्या खोलीतच जाईनात. मी सवयीनं घंगाळ बघायला जायची. पाणी उतरत होतं, गणपतीचा मुकुट उघडा पडला, मग कपाळ दिसायला लागलं. मी सांगायला गेले तर म्हणाले, "असू दे." ज्याला ते जन्मभर भ्याले ते घडून गेलं होतं, आणि आता भ्यायलाही काही उरलं नव्हतं. मी पुढे पुष्कळ माणसं बघितली, पुष्कळ घरं बघितली, आणि देवाच्या बाबतीत कुणी मला वाद घालायला बोलावलं तर मी जात नाही. पण ते रिकामं देवघर मी विसरलेले नाही. भीतीवर उभं केलेल्याचं काय होतं ते मी तिथं बघितलं.

वहिनी अंथरुणावर असायची. तिचं दूध आलं होतं, ते बांधून ठेवावं लागत होतं, आणि त्याचं दुखणं ती दात आवळून सोसायची. किट्टू त्या पातळाच्या घडीवर तसाच होता. तीही त्याच्याकडे जात नव्हती. दादानं एकदा विचारलं, तुझा किट्टू आणून देऊ का, तर तिनं कूस बदलली. मला त्याचं फार वाईट वाटलं, खरं सांगायचं तर बाळाइतकंच. मला वाटलं, संपलं. आप्पांचा देव गेला आणि वहिनीचाही गेला, आता हे घर नुसतं घर राहणार.

मग एका सकाळी मी उठले तर देवघरातून बोलण्याचा आवाज येत होता. वहिनी पाटावर बसली होती. तळहातावर किट्टू घेऊन ती पळीभर पाण्यानं त्याला धूत होती आणि काहीतरी सांगत होती, आमच्या समजण्यापलीकडच्या तिच्या देगलुरी बोलीत. आवाज जड होता. आप्पा दारात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"सूनबाई," ते म्हणाले.

ती पदर सावरून उठायला लागली, तर त्यांनी हातानं बस म्हणून सांगितलं आणि स्वतः उंबऱ्याशी खाली बसले. पारोशानं ते कधी त्या उंबऱ्यापर्यंत आले नव्हते.

"मी ते तोंडातून काढलं होतं त्या दिवशी," आप्पा म्हणाले. "पोटातल्या जिवावर होईल म्हणालो होतो. माझ्या तोंडून निघालं आणि ते झालं. तुझ्या हातून काही झालं नाही. माझ्यामुळं झालं."

"असं कसं म्हणता, मामंजी?"

"आधीही एकदा माझ्यामुळं झालेलं आहे," ते म्हणाले, आणि लाडवाची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. सून घरात येऊन वर्ष झालेलं, तिच्यापुढे, मी ऐकत असताना. सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

वहिनीचे हात थांबले. "केवढे होता?" तिनं विचारलं.

"आठ नसतील पुरी."

"अय्यो," ती म्हणाली. यावेळच्या "अय्यो"त हसू नव्हतं. "आठ वर्षांचं लेकरू लाडू खाणार न्हाई तर काय करणार? अन् त्यासाठी त्याची आई कोण नेईल? पटकीनं गेल्या त्या. गावातल्या बाकीच्या गेल्या, त्यांच्या पोरांनी काय खाल्लं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आप्पांना कुणी विचारलाच नव्हता, आणि त्यांनीही तो स्वतःला विचारला नव्हता.

"मग आपली पोर कशानं गेली?" ते म्हणाले.

"लवकर आली म्हणून गेली. का लवकर आली ते मला ठाऊक न्हाई." तिनं किट्टूला पदरात घेतलं. "पर त्यालाबी वाईट वाटलं असंल. मला असंच वाटतं."

"राग नाही आला तुला त्याचा?"

"आला की! लई आला. बोललेच न्हाई मी त्याच्याशी. तुम्ही बघितलं न्हाई का?"

"मग आज?"

वहिनीनं डोळे पुसले. "घरातल्या माणसावर किती दिवस रागवायचं, मामंजी?"

आज ती नांदेडला लेकाकडे असते, थकली आहे, तरी माझ्यापेक्षा तिचे गुडघे बरे आहेत. पोथ्या-पुराणं मी नंतर थोडीफार वाचली, कीर्तनं ऐकली, शहाण्या माणसांची व्याख्यानंही ऐकली. ते एक वाक्य ज्या वजनानं माझ्यावर पडलं तसं दुसरं काही पडलं नाही. ते बोलणारी बाई तेव्हा विशीचीही नव्हती आणि तिच्या छातीवर फडकं घट्ट बांधलेलं होतं.

आप्पा उठले. मला वाटलं बाहेर जातील. ते आत आले, घंगाळाजवळ बसले आणि त्या गढूळ पाण्यात त्यांनी हात घातला. अंगावर सोवळं नव्हतं, तोंडात मंत्र नव्हता. अन्नपूर्णा निघाली, मग एक टाक, मग दुसरा. ते सगळे त्यांनी वहिनीच्या पातळावर मांडले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आभाळात कुठं ढगाचा ठिपकाही नव्हता. शेवटी गणपती निघाला. त्याला ते खांद्यावरच्या पंच्यानं पुसत राहिले, सोंडेच्या आतून, कानांच्या मागून, आणि मग जन्मात पहिल्यांदा मी आप्पांना देवाशी बोलताना ऐकलं.

"लई गार पडलास रे," ते म्हणाले.